साखळीचं दुसरं टोक

६ एप्रिल २०२०, सोमवार

सकाळी बाथरूममध्ये पडले. लागलं काही नाही. लागलं असतं तर निदान सांगायला काहीतरी झालं असतं. पाय सरकला, बसल्यासारखी खाली आले, आणि मग उठताच येईना.

वय चौतीस, वजन अठ्ठ्याण्णव. बेसिनचा पाइप धरला, तो हलला. गुडघ्यांवर यायला गेले, तर गुडघे ओल्या फरशीवरून सरकत राहिले. शेवटी टॉवेल अंगावर ओढून घेतला आणि टाइल्स मोजल्या. आडव्या चौदा, उभ्या एकवीस. सुयश वर माळ्यावर, हेडफोन लावून मीटिंगमध्ये. चारदा हाक मारली, मग बंद केलं, कारण शेजारच्याच खोलीत बाबा. सासऱ्यांनी ऐकण्यापेक्षा तिथेच राहिलेलं बरं.

नशीब, बाबांनी काही ऐकलं नाही. ते तेवढ्यात उठून माळ्यावर गेले होते म्हणे, सुयशकडे चहा मागायला. आमचा माळ्याचा जिना म्हणजे शिडीच. मी वर्षभरात चढलेली नाही. एरवी स्वतःहून पाणीसुद्धा न मागणारा माणूस, आणि चहाची इतकी तलफ. पण त्यामुळेच सुयश खाली आला आणि जिन्यावर पावलं वाजली म्हणून मी मारलेली हाक त्याला ऐकू आली.

उचलताना दोनदा हातून सुटले. तिसऱ्यांदा जमलं. मग मी म्हटलं, "कुणाला सांगू नकोस."

"कुणाला सांगणार? सगळं बंद आहे."

जमिनीवर मी दोन वर्षांत बसलेली नाही. गणपतीत सुयश एकटाच पाटावर बसतो, मी मागे तबक घेऊन उभी. विचारलं कुणी तर सांगते, मोदकांकडे बघायचं असतं. आज जमिनीवर बसले तर अशी.

७ एप्रिल

मागच्या दाराची रबरी मॅट धुऊन बाथरूममध्ये घातलेली दिसली. सुयशला थँक्यू म्हटलं. तो म्हणाला, कसली मॅट? मीटिंगांच्या नादात याला स्वतः केलेलंही आठवत नाही.

बाबांचे गुडघे धरलेत. "काल जिना चढलो ना," म्हणाले. म्हणजे माझ्याच पायी. त्यांना ते माहीत नाही, पण मला आहे.

बाबा फेब्रुवारीत साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आले होते. विमानं बंद झाली आणि इथे नेदरलँड्समध्ये, आमच्या न्यूनेन गावात अडकले. आज डाळ निवडत बसले होते (डाळीत निवडण्यासारखं काही नव्हतं), एकदम म्हणाले, "चारुता, कपडे वाळत घालायची दोरी आहे का? तेहतीस फूट लागेल."

"तेहतीसच का?"

"एक साखळी. तेहतीस बाय तेहतीस म्हणजे एक गुंठा. छत्तीस वर्षं मोजणी खात्यात काढली, आता इथं बसून काय करू? तुमच्या गावाचा नकाशा करतो."

"गूगलवर आहे की नकाशा."

"तो गाडीत बसून बघितलेला. मोजणी पायानं असते."

"मग सुयशला न्या."

"त्याला ऑफिस. मोजणीला दोन माणसं लागतात गं. एक टोक धरून मी मागं उभा राहणार, दुसरं टोक घेऊन एकानं पुढं जायचं. पुढं जाणाऱ्याचे गुडघे धड पाहिजेत."

माझे गुडघे धड आहेत, असं कितीतरी दिवसांनी कुणीतरी म्हटलं. चूक होतं, पण म्हटलं.

८ एप्रिल

गेले नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं.

खरं कारण मार्चमधलं. शूज मागवले होते, आणि फोनवर ते पळायला शिकवणारं ॲप. त्यातली बाई गोड आवाजात सांगते, आता एक मिनिट धावा. मी चाळीस सेकंदांत कोपऱ्यावरच्या डाकपेटीला मिठी मारून उभी होते. शेजारून सत्तर वर्षांची एक आजी सायकलवरून गेली, पुढे-मागे भाजीच्या पिशव्या, आणि वळून "खुडेमॉर्खन" म्हणाली. तिच्या गुड मॉर्निंगला उत्तर द्यायलाही श्वास नव्हता. ॲपमधली बाई म्हणाली, मस्त, तुम्ही कमाल करताय. तिला डिलीट केलं. शूज कपाटात, पिशवीसकट.

९ एप्रिल

बाबा दहा वाजता टोपी, मास्क, काठी, वही, दोरी असे दारात उभे. त्यांचा तो वेश बघून नाही म्हणवेना. शूज काढले.

मोजणी अशी असते. मी दोरीचं एक टोक घेऊन दहा मीटर चालायचं. दोरी ताणायची. तिथे मातीत काडी रोवायची (माझ्या स्वयंपाकघरातल्या कबाबच्या काड्या). मग थांबायचं. बाबा मागून काठी टेकत येणार, काडी उपटणार, वहीत लिहिणार, पेन्सिलीला टोक करणार, मग "हां, पुढं." पुन्हा दहा मीटर. त्यांना लिहायला भयंकर वेळ लागतो. मी तोवर झाडाला टेकून धापा टाकत असते. ते मान वर करून बघतसुद्धा नाहीत, इतके कामात गढलेले असतात.

अकरा साखळ्या. घर ते वळणाच्या थोडं पुढे. शंभर मीटरांना अर्धा तास.

विलमीन, म्हणजे समोरची शेजारीण, कुंपणापाशी आली आणि इंग्लिशमध्ये विचारलं, हे दीड मीटर अंतर पाळायला का? दहा मीटर म्हणजे जरा जास्तच शिस्त झाली. बाबांनी "यस, यस" म्हणून तिला नमस्कार केला. आता रस्त्यावर सगळ्यांना वाटतंय की आम्ही फार नियम पाळणारं घर आहोत.

१३ एप्रिल

बाबांची मोजणी चुकते. आज म्हणाले, सातवी साखळी लिहिली की नाही आठवत नाही, फेरमोजणी करू. म्हणजे परत घरापासून. मी म्हटलं, बाबा, लिहिली, मी बघितलं. "सरकारी काम आहे, शंका ठेवायची नाही."

कुठल्या सरकारचं, देव जाणे.

वाईट वाटतं. सुयश सांगतो, हा माणूस डोंगरावरचं वावर नुसत्या नजरेने मोजायचा. आणि आता सात की आठ, लक्षात राहत नाही. मी रागावले नाही. परत चालले.

१६ एप्रिल

चौदा. पुन्हा चुकले. पुन्हा चौदा.

२० एप्रिल

टिपण:
० – घराचं दार
५ – विलमीनचं कुंपण. कुत्रं नाही, पाटी आहे.
९ – लिंडनचं झाड. टेकायला चांगलं.
१४ – डाकपेटी. तिच्याकडे बघितलं नाही.
१९ – दम
२१ – दम
२२ – बाबा म्हणाले आज बास, माझे पाय भरून आले.

माझेही आले होते. पण आधी ते म्हणाले, हे नोंदवून ठेवते.

२७ एप्रिल

राजाचा वाढदिवस. एरवी आख्खं गाव नारिंगी होऊन रस्त्यावर उतरतं. आज नुसते झेंडे, आणि कुणीतरी खिडकीत ट्रम्पेट वाजवत होतं. आम्ही एकतीस साखळ्यांवर, तळ्याजवळच्या बाकापर्यंत. तिथे बसलो. बाक बरा, त्यावरून उठता येतं.

बाबा पाण्याकडे बघत म्हणाले, "वृंदाला मी कधी फिरायला नेलं नाही."

वृंदा म्हणजे माझ्या सासूबाई. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन. शुगर, मग पाय, मग अंथरूण.

"लोकांची शेतं मोजत जिल्हा पालथा घातला. ही घरात. तिला जिना चढवेना, तेव्हा मी म्हणायचो, आराम कर. ती आराम करत गेली. बरं दिसायचं ते, काळजी घेतल्यासारखं."

मी म्हटलं, "बाबा, तुमची काय चूक त्यात?"

"उठ की. चार साखळ्या राहिल्यात आजच्या."

फार एकटे पडलेत ते. आज ठरवलं, ते इथे आहेत तोवर मोजणीला नाही म्हणायचं नाही. मला आवडो न आवडो. एका म्हाताऱ्या माणसाचा एवढा एक विरंगुळा आहे.

७ मे

हाउसआर्ट्सचा, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरचा फोन. मार्चमधल्या रक्ताचे रिपोर्ट इतक्या दिवसांनी. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाली, शुगर सीमारेषेच्या पलीकडे गेलीय, ऑगस्टमध्ये पुन्हा तपासू, तोपर्यंत जास्त हालचाल करा. तरीही कमी नाही झाली तर गोळ्या. मग विचारलं, हालचाल करता का काही? मी म्हटलं, सासऱ्यांची दोरी धरते. तिने बहुतेक ते टाइप केलं.

महिनाभर चालतेय. वजन आज सत्त्याण्णव पूर्णांक सहा. चारशे ग्रॅम. म्हणजे तीन बटाटे. सासूबाई डोळ्यांसमोरून जात नाहीत. शुगर, मग पाय, मग अंथरूण.

८ मे

गेले नाही.

११ मे

गेले नाही. बाबा रोज दहाला दोरी घेऊन दारात उभे राहतात. मी सोफ्यावरून सांगितलं, "बाबा, नाही जमणार." ते म्हणाले, "राहू दे. मी जरा हवेला उभा राहतो." आणि तासभर उभे. दोरी गुंडाळतात, उलगडतात, गुंडाळतात. अकराला आत येऊन शूज काढून सरळ मांडून ठेवतात. माझेही शेजारी मांडतात.

१२ मे

बाहेर पाऊस. तरी दारात उभे.

१३ मे

आज उठले ते रागाने. मी आत पडून आणि हा माणूस दुखऱ्या गुडघ्यांनी दारात. म्हटलं, "चला. पण बोलायचं नाही."

"मोजणीत बोलायचं नसतंच."

बाकापर्यंत गेलो. येताना मी एवढी चिडलेली की लिंडनपाशी टेकायचं राहिलं. घरी आल्यावर लक्षात आलं. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "असं? मी बघितलं नाही." वहीत मात्र काहीतरी खोडत होते.

एकेकदा वाटतं, यांच्यासारखी चिकाटी माझ्यात दहा टक्के असती तर. सत्तरी ओलांडलेली, परका देश, बायको नाही, विमान नाही, गुडघे नाहीत. आणि नकाशा पुरा करायचा म्हणजे करायचा. सुयशला हे सांगितलं, तर त्याला ठसका लागला. चहा गरम होता.

२३ मे

पहाटे सहाला मागचं दार वाजतं. बाबा. विचारलं तर म्हणाले, बागेत उभा होतो. त्यांच्या शूजला चिखल. आमच्या बागेत सगळी फरशी आहे. पक्ष्यांनी आणला असेल कुंड्यांमधला. पुसून टाकला.

२ जून

आज हसून हसून पोट दुखलं, पण लिहायचंय ते वेगळंच.

बासष्टाव्या साखळीला एका तपकिरी लॅब्रडॉरने माझ्या हातातलं टोक तोंडात धरलं आणि पळ काढला. दोरीमागोमाग तिच्या दुसऱ्या टोकाला अडकवलेली वही, वहीमागोमाग बाबा. काठी टाकून. शेतातून, बांधावरून, अगदी पोरासारखे. कुत्र्याचा मालक "झिट, झिट" (म्हणजे बस, बस) ओरडत मागे. मी काठी हातात घेऊन उभी. दोनशे मीटर पलीकडे बाबांनी त्याला गाठलं, दोरी सोडवली, मालकाशी कसलंसं बोलले (कुठल्या भाषेत?) आणि परत आले.

मला बघितल्यावर लंगडायला लागले. "लई दुखतंय."

काठी दिली. घाबरल्यावर माणसात कुठून बळ येतं कळत नाही. आणि दुखणंसुद्धा सरकतं. इतके दिवस उजवा पाय ओढायचे, येताना डावा ओढत होते. सुयशला म्हटलं, एक्स-रे काढायला हवा. तो म्हणाला, "नको, फार खोलात नको जायला."

पण खरं लिहायचं ते हे. बाबांमागे मीही पळाले होते. थोडीशी. सात-आठ पावलं. कुणी सांगितलं नव्हतं.

९ जून

सत्तर. आता बाबा लवकर लिहितात. सवय झाली असेल त्यांना. मला आताशा थांबायला फारसा वेळच मिळत नाही. काडी रोवली की "पुढं."

१८ जून

पवनचक्की.

घरापासून एकशे चोवीस साखळ्या. शेजारच्या गेर्वेन गावाच्या रस्त्यावर ती उभी असते. या गावात आम्हाला चार वर्षं झाली आणि मी ती फक्त गाडीच्या काचेतून बघितलेली. जवळून केवढी मोठी असते. पाती थांबलेली होती. खाली गवतात गुरं, वारा, मक्याचं शेत गुडघ्याएवढं.

शेवटची काडी बाबांनी मला रोवायला लावली. मग त्यांनी टोपी काढली आणि थोडा वेळ उभे राहिले. मी त्यांचा फोटो काढला. या वयात, या पायांनी सव्वा किलोमीटर. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही करून दाखवलंत."

ते म्हणाले, "होय की."

मग म्हणाले, "परत पण जायचंय."

गेलो. मी दोनदा थांबले. फक्त दोनदा.

११ जुलै

दूतावासाच्या यादीत बाबांचं नाव लागलं. सव्वीस तारखेचं विमान, मुंबईला, मग पंधरा दिवस घरातच क्वारंटाइन. सुयश खूश. मीही खूश झाले. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसले.

हे सगळं त्यांच्यासाठी होतं. ते गेल्यावर मी कशाला उठू दहा वाजता? स्वतःसाठी मी कधीच उठलेली नाही. डाकपेटीच्या पुढे मी माझ्यासाठी कधीच गेलेली नाही. हे लिहिताना लाज वाटतेय, पण ते तसं आहे. ते गेले की चार दिवसांत मी सोफ्यावर असेन, आणि मग ते अंथरूण.

२६ जुलै

शिपोल विमानतळावर आत सोडलं नाही. दारातच निरोप. बाबा मास्क, वरून प्लास्टिकची ढाल, काठी नाही. घरी विसरले.

मी वाकून नमस्कार करायला गेले, तर अर्ध्यातच थांबवलं. "असू दे, असू दे. हे घे." दोरी. नीट गुंडाळलेली.

"मी काय करू हिचं?"

"चक्कीच्या पुढची मोजणी राहिलीय. चर्चपर्यंत तरी करून ठेव. अर्धा नकाशा माणसाला झोपू देत नाही."

"एकटीने कसं करणार? दुसरं टोक?"

"खांबाला बांधायचं."

आणि गेले. वळून बघितलं नाही. खांदे ताठ. रांगेतल्या सगळ्या म्हाताऱ्यांत तेच भरभर चालत होते. किती सुधारले इथे.

२८ जुलै

गेले नाही. दार उघडून बघितलं. पायरीजवळ शूज. एकच जोडी.

३० जुलै

रात्री बाबांचा मेसेज आलेला. "झोप लागली नाही. नकाशा." क्वारंटाइनच्या खोलीत बिचारे.

मी गेले मोजणीला. चक्कीपासून सुरुवात. दोरी विजेच्या खांबाला बांधली, टोक घेऊन पुढे गेले, काडी रोवली, मग दोरी सोडायला परत मागे, मग दोरी घेऊन पुन्हा पुढे. म्हणजे प्रत्येक साखळीला तिप्पट चालणं. बाबांच्या हे लक्षात आलेलं दिसत नाही. छत्तीस वर्षं त्यांच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी होतंच ना. फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "अरेच्चा. असं होतंय का? मग जमेल तेवढंच कर."

सहा साखळ्या केल्या. जाऊन-येऊन, तिप्पट धरून, बराच हिशोब होतो. केला नाही.

८ ऑगस्ट

चौतीस डिग्री. इथे पंखे नसतात, लोक कालव्यात उड्या मारतात. सकाळी सातलाच गेले. एकवीस साखळ्या. विलमीन वाटेत भेटली, सायकलवरून उतरली, दोरीचं एक टोक धरलं आणि म्हणाली, मला पण पुढचं दाखव. पाच साखळ्या तिने टोक धरलं. तिला आता कळलंय की हे दीड मीटरसाठी नव्हतं. कशासाठी होतं ते मी सांगितलं, माझ्या सासऱ्यांसाठी. ती म्हणाली, छान सून आहेस. मी म्हटलं, ते तसे आहेत म्हणून.

१४ ऑगस्ट

साताऱ्याहून कुमुदिनीआत्यांचा फोन, बाबांच्या बहिणीचा. "काय गं, दादाला काय घातलंस खायला? क्वारंटाइन संपलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अजिंक्यताऱ्यावर. पहिल्यासारखा रोज चढतोय, पाऊस नाही बघत."

ऐकून इतकं बरं वाटलं. किल्ला. त्या गुडघ्यांनी. म्हणजे ते तीन-साडेतीन महिने वाया नाही गेले. रोज थोडं थोडं, न कंटाळता, माणूस कुठून कुठे जाऊ शकतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि त्यात माझा एक टोकाएवढा हात होता. आत्यांना म्हटलं, "सुरुवातीला दहा मीटरलाही थांबावं लागायचं त्यांना." आत्या म्हणाल्या, "कुणाला?" मग रेंज गेली.

१८ ऑगस्ट

शुगर सीमारेषेच्या अलीकडे. जेमतेम, पण अलीकडे. वजन एक्क्याण्णव. डॉक्टरबाईने विचारलं, अजून दोरी धरताय? टाइप केलं होतं तिने.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

हरतालिका. उद्या गणपती. मखराचं सामान बाबांच्या खोलीतल्या कपाटाच्या मागे. ते ओढलं, तर त्यामागून एक गुंडाळी निघाली. कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजू चिकटवून केलेला लांबच लांब कागद.

टेबलावर मखर पसरलेलं, म्हणून हॉलमध्ये खाली उलगडला. सोफ्यापासून टीव्हीपर्यंत. आमचा रस्ता. आमचं घर, दार, पायरी, पायरीशी दोन जोड शूज. विलमीनचं कुंपण. लिंडन. डाकपेटीसुद्धा. बाक, तळं, तळ्यात बदकं (यांना बदकं काढता येतात?). कुत्रं जिथे पळालं त्या बांधावर छोटं कुत्रं. चक्की. प्रत्येक साखळीला बारीक रेघ, सरकारी नकाशासारखी. पुढे कोरं, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने: पुढील मोजणी – चारुता.

आणि रस्त्याच्या कडेने लाल फुल्या. घरापासून वळणापर्यंत नऊ. वळण ते बाक, अकरा. बाकापुढे विरळ, इथे एक, तिथे एक. लिंडनपाशी एक फुली काढून खोडलेली. चक्कीच्या आसपास दोन. मग नाहीत.

व्हिडिओ कॉल लावला. "बाबा, या लाल फुल्या कसल्या?"

"हद्दीचे दगड."

"एवढे? मला तर एकही दिसला नाही."

"सुरुवातीची जमीन वादाची असते गं. तिथं पावलागणिक दगड लागतो. पुढं पुढं मोकळी."

असेल. मला त्यातलं कळत नाही. या माणसाने हातात काठी, डोळ्यांना चष्मा, रोज चुकणारा हिशोब, आणि असला नकाशा केला. चक्कीची चारही पाती मोजून काढलीत. मी म्हटलं, "बाबा, तुमच्यासारखं मला काही एक काम असं पुरं करता आलं ना, तर बास."

ते स्क्रीनजवळ तोंड आणून बघत होते. "तुझ्यामागं सोफ्याची बैठक दिसतीय. कुठं बसलीयस?"

"खाली. नकाशापाशी."

मग बराच वेळ ते हललेच नाहीत. मला वाटलं नेट अडकलं. तेवढ्यात त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बरं. ठेवतो. किल्ल्यावरून आलोय, अंघोळ राहिलीय."

मी पुन्हा नकाशा बघत बसले. चर्चपर्यंतचं कसं काढायचं, पेन्सिल चालेल की शाई, असा विचार चाललेला. बटाट्यांच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून उठले, गॅस बंद केला, वळले, तर सुयश जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा.

"काय?"

"काही नाही. कधीपासून बसली होतीस?"

"तासभर. बाबांचा नकाशा बघ."

तो नकाशाकडे बघत नव्हता. "उठलीस कशी?"

"म्हणजे कशी? कुकर झाला."

मग मी खाली, त्या फरशीकडे बघितलं, जिथे मी बसले होते. आजूबाजूला धरायला काहीच नव्हतं.

खोबरं किसायचं राहिलंय, म्हणून इथेच थांबते. आणि पाट एकच आहे आपल्याकडे. विलमीनकडे विचारायला हवं, दोन माणसं बसतील असं काही आहे का.